ओगराळं खाली टाक

मेस्कीट वेल्स, अ‍ॅरिझोना
१३ सप्टेंबर २००४

प्रिय मर्ना,

फोन बंद करून पत्रं लिहायची आपली युक्ती फार चांगली निघाली. आई गेल्यावर आपण फोनवर जेवढं भांडलो तेवढं लहानपणीसुद्धा भांडलो नव्हतो. कागदावर तू मला मध्येच तोडू शकत नाहीस, हा मोठा फायदा आहे. तेव्हा आता शांतपणे वाच, कारण माझी बायको तुला तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. मी बर्ल टॅकेटला अटक केली.

हो, आपलाच बर्ल. शाळेची बस चालवणारा, दर शुक्रवारी माझ्याकडे डॉमिनो खेळायला येणारा आणि हरला की सगळ्या सोंगट्या पुन्हा मोजून बघणारा. गेल्या शनिवारी जत्रेत चिलीची स्पर्धा होती. कित्येक वर्षं पहिलं बक्षीस त्याच्याच घरी जायचं. यंदा निळी फीत ट्विलाला मिळाली आणि त्याला दुसरा नंबर. ते त्याला सोसलं नाही. परीक्षकांसमोर उभा राहून म्हणाला, ट्विलाच्या चिलीत राजमा आहे. तू मिनेसोटाला गेलीस तरी विसरली नसशील, आपल्याकडे चिलीत गोमांस, मिरच्या आणि जिरं. राजमा घातला की ती चिली राहत नाही, तिची उसळ होते आणि ती स्पर्धेतून बाद. माझ्या बायकोच्या पातेल्यात राजमा आहे म्हणणं म्हणजे तिचं माहेर काढण्यासारखं आहे.

बर्ल घरून स्वतःचं ओगराळं घेऊन आला होता. ते त्याने ट्विलाच्या पातेल्यात बुडवलं आणि तळ ढवळायला लागला. दाणा सापडेपर्यंत हलणार नाही म्हणाला. मी वर्दीत होतो. त्याला सभ्य शब्दांत बाजूला व्हायला सांगितलं. त्याने भरलेलं ओगराळं माझ्या नाकासमोर नाचवलं. रस्सा माझ्या बिल्ल्यावर उडाला आणि लोक हसले.

खात्याने आम्हाला उन्हाळ्यात विजेच्या बंदुका दिल्या आहेत. त्यातून दोन काटे सुटतात, त्यांच्या मागे बारीक तारा असतात आणि पाच सेकंद वीज वाहते. मी ती चालवली. एक काटा बर्लच्या उजव्या दंडात बसला, दुसरा डाव्या मांडीत. मग मी खणखणीत आवाजात तीन वेळा सांगितलं, "ओगराळं खाली टाक." त्याने टाकलं नाही. उलट मूठ आणखी आवळली आणि माझ्याकडे बघून दात विचकत, ताठच्या ताठ, मागच्या गवताच्या पेंढ्यांवर आडवा झाला. पाच सेकंद संपल्याबरोबर मात्र मुकाट्याने सोडलं. म्हणजे ऐकू सगळं येत होतं. अहवालात मी तसंच लिहिलं आहे: आरोपीने तीन वेळा सांगूनही हत्यार टाकले नाही व अटकेस विरोध केला. ओगराळं पुरावा म्हणून कागदी पिशवीत सीलबंद आहे, न धुता, जसंच्या तसं.

आता वीज लागल्यावर माणूस कसं टाकणार, असं तू विचारशील. आमच्या खात्याचा दंडकच आहे की ती बंदूक कमरेला लावायची तर आधी स्वतःच्या अंगावर घ्यायची. मी जुलैत घेतली. पाच सेकंद उभा राहिलो, आपणहून दोन्ही हात पाठीमागे नेले आणि शिकवणाऱ्या मारिसेल पेन्याला, आज जेवायला काय आहे, असंही विचारलं. शेवटी सगळा मनाचा खेळ आहे.

तुझा भाऊ,
डेलबर्ट

ता.क. राजमा नव्हता. मी ट्विलाला स्पष्ट विचारलं. तिने मला उपाशी झोपवलं, यावरूनच काय ते समज.

•

डुलुथ, मिनेसोटा
२० सप्टेंबर

प्रिय डेलबर्ट,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसायला आणि दुसऱ्यांदा, माझ्या सख्ख्या भावाने खरंच एका ओगराळ्यासाठी माणसावर वीज सोडली की काय, याची खात्री करून घ्यायला. बिल्ल्यावर रस्सा उडाला तर माणूस रुमाल काढतो.

तू विसरला असशील, पण तुझी बहीण निवृत्त होईपर्यंत लुळ्या पडलेल्या हातापायांना वीज लावून ते हलवत होती. तेव्हा दोन शब्द माझेही ऐक. स्नायू हा बिनडोक गडी आहे. त्याला मालक ओळखता येत नाही. मज्जातंतूवरून हुकूम आला की आवळायचं आणि हुकूम थांबला की सैल पडायचं, एवढंच त्याला कळतं. एरवी हे हुकूम मेंदूकडून येतात. तुझी बंदूक त्याच वाटेवर घुसून स्वतःचे हुकूम सोडते, एका सेकंदात एकोणीस-वीस. एक ठोका ओसरायच्या आत दुसरा येतो, त्यामुळे स्नायूला सैल पडायला फुरसतच मिळत नाही. मेंदू वरून बोंबलत असतो, पण त्या गर्दीत त्याला विचारतो कोण?

आता मुठीचं सांगते. बोटं मिटणारे स्नायू वेगळे आणि उघडणारे वेगळे. वीज दोघांनाही एकदमच आवळते, आणि मिटणारे जास्त दांडगे असतात. म्हणून मूठ मिटते. काटा दंडात बसलेला, हातात ओगराळं, मग दुसरं काय होणार होतं? तो दात विचकत नव्हता, त्याचा जबडा आवळला होता. आणि वीज थांबताच त्याने सोडलं, हा त्याच्या हट्टाचा पुरावा नाही, माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. बर्लला ऐकू येत होतं, कळत होतं, टाकायचंही होतं. हात तेवढा त्याचा नव्हता.

राहता राहिला तुझा जुलैतला पराक्रम. ट्विलाने मला उन्हाळ्यात लिहिलं होतं की तुमच्या ठाण्यात एक भिंत आहे आणि वीज घेताना प्रत्येकाच्या तोंडाचा फोटो काढून तिथे लावतात. तुझा पाठवून दे. फ्रिजवर लावायला माझ्याकडे जागा आहे.

बर्लचं आता पुढे काय होणार, ते मात्र लगेच कळव. ते तू पत्रात कुठेच लिहिलेलं नाहीस.

मर्ना

•

मेस्कीट वेल्स
२९ सप्टेंबर

प्रिय मर्ना,

दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या पोटऱ्यांवरून तू अ‍ॅरिझोनातल्या माणसांचा अंदाज करू नकोस. वीज काय चीज आहे ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. बाबांच्या कुंपणाचे झटके मी जेवढे खाल्ले तेवढे गाईंनीही खाल्ले नसतील. हात लागला, झटका बसला की हात मागे. चिकटून बसलो का कधी? आणि गुरांना टोचायची विजेची काठी मी तुझ्यादेखत स्वतःच्या मांडीला लावली होती, तुझ्या वाटणीचा पीच-पायचा गोड तुकडा जिंकण्यासाठी. तेव्हा मी ओरडतही होतो आणि पळतही होतो. म्हणजे वीज अंगात असताना माणूस हवं ते करू शकतो. तू पुस्तकात वाचलंस, मी अंगावर घेतलंय.

फोटोचं म्हणशील तर त्या दिवशी नेमकी कॅमेऱ्याची बॅटरी संपली.

बर्लचा खटला नऊ नोव्हेंबरला आहे. तोवर शाळेने त्याला घरी बसवलं आहे. अटकेला विरोध केल्याचा गुन्हा शाबीत झाला तर शाळा मंडळ त्याला बसच्या चाकामागे पुन्हा बसू देणार नाही. नियम त्यांचा आहे, मी केलेला नाही. बदली ड्रायव्हर आणलाय तो बाहेरगावचा. त्याने परवा चुकून बस गुरांच्या लिलावात नेली आणि अख्खी दुसरी इयत्ता सकाळभर वासरं बघत बसली. मुलं खूश आहेत. आईबाप माझ्याकडे बघतात.

शुक्रवारी मी नेहमीसारखं टेबल मांडलं. म्हटलं, खटला खटल्याच्या जागी आणि डॉमिनो डॉमिनोच्या. बर्ल आला नाही. ट्विला खेळायला बसली, पण ती हरल्यावर सोंगट्या मोजत नाही, त्यामुळे जिंकल्यासारखं वाटत नाही.

डेलबर्ट

•

डुलुथ
६ ऑक्टोबर

प्रिय डेलबर्ट,

कुंपणाची वीज सेकंदाला एक ठोका देते. ठोका बसतो, मग मोकळीक मिळते आणि त्या मोकळिकीत हात सुटतो. गाय मागे सरावी म्हणूनच ते तसं केलेलं असतं, तिला तिथे चिकटवून ठेवायला नाही. काठीचं तर आणखी सोपं आहे. तिची दोन टोकं दोन बोटांच्या अंतरावर, तेवढ्यात कातडी पोळते, मोठे स्नायू तिच्या तावडीत येतच नाहीत. तुझा एक काटा होता दंडात आणि दुसरा मांडीत. काटे जितके लांब, तितका माणूस जास्त. मधला सगळा बर्ल तू त्यात घेतलास. आणि दांडगाईचं म्हणशील तर दांडग्या माणसाचं जास्तच वाईट, कारण त्याचीच ताकद त्याला आवळते.

आता जेवणाचं बघू. ती वीज अंगात असताना जेवायला काय आहे असं आजवर कोणी विचारलेलं नाही, डेलबर्ट. जबडा उघडतच नाही. फार तर नाकातून एक लांबलचक "ईईई" निघतो. पाठीमागे हात नेऊन उभं राहणंही तसंच. तू ती वीज घेतलेलीच नाहीस. लस टोचायला नर्स आली की कोंबड्यांच्या खुराड्यात जाऊन लपणारा माझा भाऊ मी विसरलेली नाही. बॅटरी संपली म्हणे.

थट्टा पुरे. आईचं शेवटचं वर्ष आठव. मी इथे बर्फात, तुझ्या रात्रपाळ्या. दर रविवारी तिला चर्चला कोण नेत होतं? बर्ल. शाळेची रिकामी बस घेऊन, कोणाला न विचारता. तिला पायऱ्या चढवायच्या नाहीत म्हणून तो तिला उचलून पहिल्या बाकावर बसवायचा आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर बस थांबवून दार उघडायचा. चढायला कोणीच नसायचं. तिला त्या दाराचा फुस्स आवाज आवडायचा, म्हणून. हे मला तिने स्वतः सांगितलं होतं.

त्या माणसाला तू त्या बसमधून उतरवणार असशील तर मला फार वाईट वाटेल. आणि राग येईल तो मी कागदावर काढणार नाही, विमानाचं तिकीट काढून तिथे येऊन काढीन.

मर्ना

•

मेस्कीट वेल्स
१४ ऑक्टोबर

मर्ना,

कामात आहे. निवडणुका तोंडावर आल्यात, बंदोबस्त लागलाय. गुडघा दुखतो. त्या गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मला जुलैत चिठ्ठी दिली होती आणि शेरीफ ऑक्सलींनी ती मान्य केली होती. तिचा आणि फोटोचा काही संबंध नाही. कोंबड्यांच्या खुराड्याचा विषय माझ्याकडून संपलेला आहे.

डेलबर्ट

ता.क. दाराच्या आवाजाचं आई मला कधी बोलली नव्हती.

•

डुलुथ
१८ ऑक्टोबर

प्रिय डेलबर्ट,

सोबतच्या खोक्यात माझं ओगराळं पाठवते आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आधी हृदय तपासून घे. तुझ्या वयाला ते कोणी न सांगताही करावं. पेन्याबाईंना म्हणावं, काटे टोचायचे नसतील तर चिमटे लावा, पण एक उजव्या दंडाला आणि एक डाव्या मांडीला. दोन धडधाकट माणसं दोन्ही बगलांत उभी करा, कारण विजेपेक्षा पडणं जास्त वाईट. बर्लच्या मागे पेंढ्या होत्या हे त्याचं नशीब, आणि त्याहून जास्त तुझं. ओगराळं उजव्या हातात धर. मग त्यांना म्हणावं, अहवालात आहेत तेच शब्द तीन वेळा ओरडा.

तुला टाकता आलं तर मी तिथे येऊन कोर्टात तुझ्या बाजूने साक्ष देईन.

मर्ना

•

मेस्कीट वेल्स
२९ ऑक्टोबर

प्रिय मर्ना,

सोबत फोटो आहे. फ्रिजवर लावू नकोस.

तुझं खोकं ठाण्याच्या पत्त्यावर आलं हीच तुझी पहिली लबाडी. ते सगळ्यांसमोर उघडलं गेलं आणि तुझी चिठ्ठी पेन्याने मोठ्याने वाचली. त्यानंतर गुडघ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. डॉक्टरांनी हृदय तपासलं. घोड्यासारखं आहे म्हणाले. माझी शेवटची आशा तिथेच संपली.

सगळे जमले. ऑक्सली कॉफी आणि साखरेचा डोनट घेऊन खुर्ची ओढून बसले, माणूस सिनेमाला बसतो तसे. मला दोघांनी बगलेत धरलं, चिमटे लावले, हातात तुझं ओगराळं. मी घरी स्वयंपाकघरात तयारी केली होती. मूठ उघडायची, मिटायची, उघडायची. ठरवलं होतं की वीज आली की पहिल्याच क्षणी बोटं सोडायची, बाकी काही करायचंच नाही.

मग ती आली. दुखलं असं सांगून भागणार नाही. दुखलं तर खरंच, पण दुखणं बाजूलाच राहिलं. स्वतःच्याच घरात उभं असावं आणि घरातल्या एकाही माणसाने ऐकू नये, तसं झालं. पाठ आपली आपण आवळली. मांडी टकटक टकटक ठोके खात होती आणि दोन ठोक्यांमध्ये बोट शिरेल एवढीही जागा नव्हती. डोकं मात्र लख्ख. भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं, ऑक्सलींच्या मिशीवरची साखर दिसत होती.

पेन्या ओरडली, "ओगराळं खाली टाक." मी मनात म्हणालो, टाकतो बाई. बोटांना सांगितलं. मूठ आणखी आवळली. ती दुसऱ्यांदा ओरडली. मी होता नव्हता तेवढा जोर लावला आणि तो सगळा जोर मुठीनेच खाल्ला. तिसऱ्यांदा ती ओरडली आणि मर्ना, मला रडू यायला लागलं. मला सांगायचं होतं की टाकतोय, टाकतोय, पण तोंडातून निघाला तो तुझा लांबलचक ईईई. आपल्याला सांगितलेलं कळतंय, ते करायचंही आहे, आणि समोरचे सगळे समजतात की हा मुद्दाम करत नाही. बर्लने हे अख्ख्या जत्रेदेखत सोसलं. आणि त्याच्या समोर ओरडत मी उभा होतो.

पाच सेकंद संपले आणि सगळं शरीर परत माझं झालं, काही घडलंच नाही असं. ओगराळं आपोआप सुटलं ते ऑक्सलींच्या बुटावर. जेवणाचं विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मात्र दिवसभर लाकडं फोडल्यासारखं अंग दुखत होतं आणि ट्विलाने मला मोजे घालून दिले. कशासाठी एवढं, असं मात्र तिने विचारलं नाही. आजकाल ती या सगळ्या प्रकरणावर फारसं बोलत नाही.

अहवालाचं काय करावं ते कळत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिलेलं एक अक्षर मागे घेतलेलं नाही. ऑक्सली म्हणतात, कोर्टात विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे, जास्तीचं बोलू नकोस. हा एक मागे घेतला तर साध्या मारामाऱ्यांचेही माझे अहवाल वकील लोक उद्यापासून दिवे लावून वाचायला लागतील. मी बर्लच्या घरावरून दोनदा गाडी नेली. तो ओसरीवर बसला होता. बस नसल्यामुळे सकाळी काय करायचं ते त्याला कळत नसावं. माझ्याकडे बघितलं आणि आत गेला.

डेलबर्ट

•

डुलुथ
३ नोव्हेंबर

प्रिय डेलबर्ट,

फोटो फ्रिजवर लावलेला नाही. पाकिटात ठेवला आहे, पैशांच्या मागे. एरंडेलाच्या चमच्याला तू नेमकं हेच तोंड करायचास.

अहवालाबद्दल मी काही सांगणार नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि या वेळी हसायला एकदाही नाही.

मर्ना

•

मेस्कीट वेल्स
१० नोव्हेंबर

प्रिय मर्ना,

काल खटला झाला. अख्खं गाव होतं. बर्ल इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, बसमधली टोपी मांडीवर. ट्विला पहिल्या रांगेत, छातीवर निळी फीत लावून. मी नको म्हटलं होतं.

न्यायाधीशबाईंनी मला अहवाल वाचायला सांगितला. "तीन वेळा सांगूनही हत्यार टाकले नाही" इथवर आलो आणि पुढचं वाक्य वाचवेना. ऑक्सली खोकले. मी कागद खाली ठेवला आणि म्हणालो, "बाई, त्याला टाकता आलंच नसतं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. हे मला कसं ठाऊक, असं विचारलं.

"मलाही आलं नाही," मी म्हणालो.

मग मागाहून सगळंच सांगितलं. गुडघ्याची चिठ्ठी, बोटं मिटणारे स्नायू, उघडणारे स्नायू, कुंपण, काठी, तू पाठवलेलं ओगराळं. जुलैत जेवणाचं विचारल्याची थाप मी गावातही मारली होती, तीही सांगून टाकली. पुरावा म्हणून फोटोची दुसरी प्रत दिली. बाईंनी ती बराच वेळ बघितली आणि मग खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

विरोधाचा आरोप काढून टाकला. परीक्षकांच्या टेबलाशी दंगा केला म्हणून बर्लला पुढची दोन वर्षं जत्रेत ओगराळं धरायची मनाई आहे. सोमवारपासून बस त्याची. मला बाई जे बोलल्या ते मी लिहीत नाही, पण रुमालाबद्दल त्या नेमकं तुझंच वाक्य बोलल्या. ऑक्सलींनी माझी विजेची बंदूक काढून घेतली आहे आणि मला शाळेसमोर रस्ता ओलांडायच्या जागी उभं केलं आहे, हातात लाल फलक देऊन. तुझ्या माहितीसाठी, तो फलक मला हवा तेव्हा खाली टाकता येतो.

आणि राजम्याचंही कायमचं मिटलं. ज्याची वस्तू त्याला परत द्यायची म्हणून पुराव्याची पिशवी सगळ्यांसमोर फोडली. रस्सा वाळून खडखडीत झाला होता. बर्लने ओगराळं घेतलं, खिडकीच्या उजेडात धरलं, अंगठ्याने तळ खरवडला आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मग हात शर्टाच्या खिशाला पुसला आणि म्हणाला, "काही नाही. माझीच चूक झाली." ट्विलापुढे टोपी छातीशी धरली. ट्विला, जी कोणालाही शेवटचा शब्द बोलू देत नाही, ती एक अक्षर बोलली नाही. आनंदच तेवढा झाला असणार. मी तुला पहिल्यापासून सांगत होतो, माझी बायको चिलीत राजमा घालणारी नव्हे.

बाहेर पायऱ्यांवर मी हात पुढे केला. त्याने जरा वेळ लावला, पण घेतला. शुक्रवारी येतो म्हणाला.

डेलबर्ट

•

मेस्कीट वेल्स
१६ नोव्हेंबर

प्रिय मर्ना,

मला पत्रं लिहायची सवय नाही. शाळेतल्या नाचाच्या वेळी तुला एक लिहिलं होतं, ते टाकलं नव्हतं. हे टाकणार आहे.

पाकिटात कागदाची छोटी पुडी आहे. जपून उघड. तिच्यात राजम्याचा अर्धा दाणा आहे. वाळून दगड झालाय, पण राजमाच आहे, तू दाताने बघ. ट्विलाने चांगला घोटला होता, हा एवढा राहिला.

कोर्टात का नाही दाखवला असं विचारशील. दाखवणारच होतो. या दाण्यापायी मी वीज खाल्ली, बसवरून उतरलो, दोन महिने ओसरीवर बसून रिकामा रस्ता बघितला. तो अंगठ्याखाली लागला तेव्हा ओरडायचंच बाकी होतं. पण थोड्याच वेळापूर्वी डेलबर्ट गावासमोर म्हणाला होता, मलाही आलं नाही. मी त्याला पहिलीपासून ओळखतो. आपण दोघांनी त्याला खुराड्यातून पाय धरून ओढलं, तेव्हासुद्धा तो म्हणाला होता की अंडी मोजत होतो. मला आलं नाही, हे त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर त्याच्या घरातली फीत उतरवायची हे काही जमेना.

ट्विलाला कळलंय. गेल्या शुक्रवारी गेलो तर टेबलावर ताजा भाजलेला पीच-पाय होता. डेलबर्टला वाटतं, तो त्याच्यासाठी केलाय. मी हरलो, सोंगट्या मोजल्या, बरोबर भरल्या.

सकाळी बस घेऊन चौकात आलो की तो लाल फलक धरून उभा असतो. मी थांबतो आणि दार उघडतो. तिथे चढायला कोणी नसतं. काल त्याने विचारलं, कशाला उघडतोस रे. मी म्हटलं, आवाजासाठी. आज दार उघडलं तेव्हा तो फलक खाली करून ऐकत उभा राहिला. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

दाणा माझ्याकडे ठेवायचा नाही. एखाद्या शुक्रवारी हरलो की बाहेर काढीन, माझा मला भरवसा नाही. म्हणून तुझ्याकडे पाठवतो. तिथल्या उसळीत घाल नाहीतर तळ्यात टाक. कोर्टातून आल्यापासून मी तो मुठीत धरून बसलो होतो. कोणी टाक म्हटलं नाही. स्वतःहून सोडला.

तुझा,
बर्ल